तापानंतरचं तोंड

ताप उतरला की आजार संपला, असं आपल्या घराघरांत धरलं जातं. थर्मामीटर कपाटात जातं, उशापाशी मांडलेली औषधं आवरली जातात, ऑफिसातून फोन येतो की उद्यापासून येताय ना. आणि नेमकं त्याच वेळी, आता चार घास पोटात जायला हवेत असं सगळे म्हणत असताना, आजाऱ्याचं तोंड येतं. जिभेच्या कडेला, खालच्या ओठाच्या आत, गालाच्या आतल्या बाजूला पांढुरके फोड उठतात. घरचे म्हणतात, उष्णता झाली, होईल कमी. विषय तिथेच मिटतो.

तो इतक्या लवकर मिटू नये असं मला मनापासून वाटतं. तापाच्या साथीत खोकल्याची चर्चा होते, छातीच्या फोटोची होते, प्लेटलेट्सची तर घरातल्या लहान पोरांनाही माहिती असते. तोंडातल्या फोडांबद्दल मात्र कुणी विचारत नाही आणि ज्याला झालेत तोही सांगत नाही. एवढ्याशा फोडाचं काय सांगायचं, असा संकोच असतो. पण माणूस खातो, पितो, बोलतो, औषध गिळतो ते याच वाटेनं. ती वाट बंद झाली की बाकीचं शरीर बरं होणंही लांबतं.

आमच्याकडे ठाण्यात पावसाळा आणि फ्लू बरोबरच येतात. पश्चिम किनाऱ्यावर इन्फ्लुएन्झाचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, नंतर जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी फेरी होते. नौपाड्यातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात त्या दिवसांत बाकावर जागा नसते, माणसं जिन्यात उभी असतात. गेल्या पावसाळ्यात आधी लेकीला ताप आला, मग मला. अंगदुखी आणि ताप ओसरला, घसा मोकळा झाला, आणि वरणभातावर लिंबू पिळून पहिला घास घेतला तर डोळ्यांतून पाणी आलं. ओठाच्या आत मुगाच्या दाण्याएवढा फोड होता. तेवढ्याशा फोडानं सगळा दिवस आपल्या ताब्यात घेतला. दात घासताना ब्रश लागायचा, बोलताना ओठ दातावर घासायचा, मसाल्याच्या नुसत्या वासानंही तोंड आपोआप मिटायचं. खोकल्यानं मी इतकी हैराण झाले नव्हते.

डॉक्टरांकडे पुन्हा गेले ती खरं तर उरलेल्या खोकल्यासाठी. निघता निघता तोंडाचं सांगितलं. त्यांनी लिहायला घेतलेली चिठ्ठी बाजूला ठेवली, टॉर्च काढला, लाकडी पट्टीनं ओठ खाली ओढला, गाल बाजूला केला, जीभ बाहेर काढायला लावून दोन्ही कडा बघितल्या. "ताई, फोड आहे एवढं कळून उपयोग नाही," ते म्हणाले. "कुठे आहे ते बघावं लागतं. औषध त्यावर ठरतं." जिन्यात माणसं खोळंबली होती, तरी त्यांनी पाच मिनिटं काढून मला समजावलं. त्या पाच मिनिटांनंतर मी जे वाचलं, डॉक्टरांना आणि दातांच्या डॉक्टरांना विचारलं, आणि घरात पाहिलं, ते इथे मांडते आहे.

फ्लूचा विषाणू सहसा तोंडात फोड उठवत नाही. त्याचं काम नाक, घसा, श्वासनलिका इथे चालतं. पण तो तोंडाची अवस्था बिघडवून ठेवतो. नाक चोंदलं की माणूस रात्रभर तोंडानं श्वास घेतो. एरवी दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, तापात पाणी कमी पडतं आणि तीही आटते. लाळ तोंड ओलं ठेवते, धुते, जंतूंना आवर घालते. ती कमी झाली की आतलं अस्तर कोरडं पडतं, दाताचा जरासा धक्काही त्याला पुरतो. त्यात आपण काय करतो, तर सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी उकळून केलेला काढा जेवढा गरम सोसेल तेवढा गरम पितो. घसा शेकावा म्हणून चटका बसेल अशा पाण्याच्या गुळण्या करतो. २०२० साली तर काढ्याचं प्रमाण कुणी मोजतच नव्हतं. काढ्यावर माझा राग नाही, घशाला त्यानं बरं वाटतं हे मीही अनुभवलं आहे. पण तोंड आलेलं असताना तो कोमट आणि मिरीशिवाय घ्यावा, एवढं तरी घरात सांगायला हवं.

माझ्या ओठाच्या आतला फोड होता त्याला वैद्यकात ॲफ्थस अल्सर म्हणतात. मध्ये पिवळट पांढरा तळ आणि भोवती लाल कड, ही त्याची खूण. तो तोंडातल्या हलत्या, मऊ भागावर होतो: ओठाची आणि गालाची आतली बाजू, जिभेची कड, जिभेखालचा भाग. तो विषाणूचा फोड नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, उष्टं खाल्ल्यानं पसरत नाही. शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणा त्या जागेच्या अस्तरावर उलटते आणि जखम होते, असं आज मानलं जातं. ती नेमकी का उलटते याचं एकच कारण सापडलेलं नाही. जागरण, ताण, आजारपणानं आलेला थकवा, लोह, फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ कमी असणं, गाल चावला जाणं, यांतलं काहीही निमित्त होतं. तापाच्या आजारात यांतल्या दोन-तीन गोष्टी एकदमच हजर असतात. लहान फोड सात ते चौदा दिवसांत आपोआप भरून येतो आणि मागे वणही राहत नाही. तोंडाचं अस्तर फार भराभर नवं होतं. कातडीला साधारण महिना लागतो तिथे गालाच्या आतल्या अस्तराला दोनेक आठवडे पुरतात.

आता दुसरा फोड. हा ओठाच्या बाहेर येतो, ओठ आणि कातडी जिथे मिळतात त्या कडेवर. आधी तिथे चुरचुरतं, खाज येते, मग पाण्यानं भरलेल्या बारीक पुळ्यांचा झुपका उठतो, फुटतो, खपली धरतो. लहानपणी आजी तो बघून समाधानानं म्हणायची, ताप बाहेर पडला, आता बरं वाटेल. तिचं निरीक्षण चुकीचं नव्हतं, तापाच्या शेवटाशेवटालाच तो दिसतो. पण तो ताप नव्हे. तो हर्पिस सिम्प्लेक्स टाइप-१ नावाचा वेगळाच विषाणू आहे, आणि बहुतेकांच्या अंगात तो लहानपणीच शिरलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांमध्ये, म्हणजे जवळपास ६४ टक्के लोकांमध्ये तो आहे. पहिल्या भेटीनंतर तो चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत जाऊन निपचित पडून राहतो. वर्षानुवर्षं काही करत नाही. मग फ्लू येतो, ताप चढतो, किंवा एखाद्या मे महिन्यात उन्हाचा तडाखा बसतो, आणि तो त्याच तंतूवरून परत ओठावर येतो.

हे दोन फोड वेगळे ओळखता येणं महत्त्वाचं आहे, कारण एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. आतल्या ॲफ्थस फोडावर डॉक्टर कधी कधी स्टेरॉइडची पेस्ट देतात, ती सूज उतरवते आणि आराम पडतो. तीच पेस्ट हर्पिसच्या फोडावर लावली तर विषाणूला मोकळं रान मिळतं. उलट असायक्लोविरचं मलम ओठावरच्या पुळीला, चुरचुर सुरू झाल्याबरोबर लावलं तर थोडं काम करतं, आतल्या फोडावर त्याचा काडीचा उपयोग नाही. हे औषध ज्या संशोधनातून आलं त्यातल्या एक शास्त्रज्ञ गर्ट्रूड एलियन. १९८८ च्या वैद्यकातल्या नोबेलच्या त्या मानकरी. विषाणूला मारेल आणि आपल्या पेशींना सोडून देईल असं औषध होऊच शकत नाही असं लोक समजत होते, त्या काळात त्यांच्या गटानं ते करून दाखवलं. आज ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं. इतकं सहज मिळतं म्हणूनच ते कशावरही चोपडलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

ओठावरची पुळी लागते. मोठ्या माणसाला त्यानं फारसं काही होत नाही, पण जन्मून काही आठवडेच झालेल्या बाळाला हा विषाणू मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत जाऊन जिवावर बेतू शकतो. कळव्याला नात्यात बारसं होतं. माझ्या चुलत सासूबाई नुकत्या सर्दीतापातून उठल्या होत्या आणि वरच्या ओठाच्या कोपऱ्यात ओली खपली होती. पणतवंडाला घ्यायला त्या पुढे झाल्या. घरातली सगळ्यांत मोठी बाई, तिला कुणी थांबवायचं? मी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि सांगितलं, "आई, खपली पडून जाईपर्यंत बाळाचा पापा घेऊ नका, तोंडाजवळ तोंड नेऊ नका." त्यांचा चेहरा उतरला. थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी सांगितलंच नाही गं हे." त्यांनी हात साबणानं धुतले, ओठाला पदर लावला, लांबूनच बाळाच्या पायांना हात लावून बोटं कपाळाला टेकवली. बारशाला जाताना हातात झबलं-टोपडं असतं, तसं हे एक वाक्यही आपल्याजवळ असायला हवं. ओठावर पुळी असलेल्या माणसाला ते प्रेमानं सांगता येतं, आणि सांगायला हवं.

लहान मुलांची गोष्ट याहून वेगळी आणि घरच्यांचा जीव जास्त खाणारी. माझी बहीण ऐरोलीला असते. तिचा मुलगा प्लेग्रुपमध्ये जायला लागला आणि पहिल्याच पावसाळ्यात तापला. एक दिवस ताप, घसा दुखतोय म्हणून रडणं, दुसऱ्या दिवशी लाळ गळायला लागली. मग तळहातांवर, तळपायांवर लालसर ठिपके आणि टाळूवर, जिभेवर फोड. आईबाबांच्या ग्रुपवर तोपर्यंत 'टोमॅटो फ्लू'चे मेसेज धावू लागले होते. ते नाव २०२२ मध्ये केरळातल्या कोल्लम जिल्ह्यातल्या मुलांच्या साथीपासून सगळीकडे पसरलं. तपासाअंती तो हॅण्ड, फूट अँड माउथ डिसीजच निघाला. टोमॅटोशी संबंध एवढाच की फोड लाल आणि गोल दिसत होते. काही आयांनी तेव्हा खरोखरच घरात टोमॅटो आणणं बंद केलं होतं, असं बहिणीनं सांगितलं.

हा आजार कॉक्सॅकी ए गटातले विषाणू किंवा एन्टरोव्हायरस ७१ करतात. कॉक्सॅकी हे न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी असलेल्या एका गावाचं नाव. तिथल्या मुलांच्या नमुन्यांत हा विषाणू सापडला आणि १९४८ साली तो जगासमोर आला. खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून, लाळेतून, फोडातल्या पाण्यातून आणि शौचातूनही तो पसरतो, आणि मूल बरं झाल्यावरही काही आठवडे शौचातून बाहेर पडत राहतो. म्हणून डायपर बदलल्यावर हात धुणं सगळ्यांत महत्त्वाचं. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी: कोविडनं आपल्याला सॅनिटायझरची सवय लावली, पण या विषाणूवर अल्कोहोलचं सॅनिटायझर नीट चालत नाही. साबण आणि पाणीच हवं.

भाच्याच्या वेळी मी ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलनं रोज संध्याकाळी ऐरोलीला जात होते. मूल फोडांनी जितकं दमत नाही तितकं न पिण्यानं दमतं, हे तिथे बघितलं. भूक होती, वाटी समोर आली की हात पुढे करायचा, ओठाला चमचा लागला की मान फिरवायचा. तान्हं असो की तीन वर्षांचं, अशा मुलाच्या आईनं फोड किती आहेत ते मोजत बसू नये. शू किती वेळा झाली ते बघावं. सहा-आठ तास लंगोट कोरडा राहिला, रडताना अश्रू येईनात, मूल मलूल पडलं, तर रात्र असो वा पाऊस, डॉक्टर गाठावा. सतत उलट्या, झोपेत दचकून हातपाय उडणं, तोल जाणं ही तर थेट रुग्णालयात जाण्याची लक्षणं आहेत, कारण क्वचित हा विषाणू मेंदूलाही गाठतो.

डॉक्टरांनी त्याला थंड द्यायला सांगितलं. थंड दूध, गार पाणी चमच्या-चमच्यानं, अगदी आईस्क्रीमसुद्धा. बहिणीच्या सासूबाईंना ते पटेना. ताप आलेल्या पोराला आईस्क्रीम? पण त्यांनी स्वतःच्या हातानं एक चमचा भरवला आणि नातवानं दोन दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडून आणखी मागितलं, तेव्हा त्यांनीच मुलाला खाली दुकानात पिटाळलं. थंडीनं त्या जागेचं दुखणं तेवढ्यापुरतं बधिर होतं. मी डब्यातून नाचणीचं सत्त्व गार करून न्यायची, दूध-साखर घालून, वेलचीही न टाकता. ते चाललं. मऊ गुरगुट्या भात, त्यावर साजूक तूप, मीठ अगदी बेताचं, तेही चाललं. शहाळ्याचं पाणी चाललं. मोसंब्याचा रस नाही चालला, आणि भेटायला येणारं प्रत्येक माणूस मोसंबीच घेऊन येत होतं. आंबट फळातलं सायट्रिक ॲसिड उघड्या जखमेला किती झोंबतं हे त्या लेकराच्या किंकाळीनं साऱ्या मजल्याला कळलं असेल. टोमॅटोचं सार, सोलकढी, चिंचेची आमटी, ताकसुद्धा आंबट असेल तर, सगळं त्या आठवड्यापुरतं लांब ठेवलेलं बरं.

आणि काही गोष्टी लहान मुलांच्या तोंडात घालूच नयेत. मधात टाकणखार कालवून फोडांना लावायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो पोटात जाणं घातक. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधही देत नाहीत, त्यात बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. तोंडाच्या फोडांची काही जेल सॅलिसिलेटची असतात, म्हणजे ॲस्पिरिनच्या घराण्यातली. विषाणूच्या तापात मुलांना ॲस्पिरिन देत नाहीत कारण त्यातून रे सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूचा गंभीर विकार होऊ शकतो, तेच धोरण जेललाही लावावं. जागा सुन्न करणारं जेल तर तान्ह्याला कुणाच्याही सांगण्यावरून लावू नये.

भाचा आठ-दहा दिवसांत खेळायला लागला. पुढे महिन्याभरानं त्याच्या हाताची दोन नखं मुळापासून सुटून आली आणि बहीण पुन्हा घाबरली. या आजारानंतर कधी कधी असं होतं, नवं नख खालून येत असतं. हे तिला आधी कुणी सांगितलं असतं तर एक रात्र तिनं रडून काढली नसती.

गोवराबद्दल थोडं. तोही श्वासातून पसरणारा विषाणू, आणि त्याचीही पहिली खूण तोंडातच उमटते. अंगावर पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधी दाढांसमोरच्या गालाच्या आत, लालसर पृष्ठभागावर मिठाच्या कणांसारखे निळसर पांढरे ठिपके दिसतात. न्यूयॉर्कमधले बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉप्लिक यांनी १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, तेव्हापासून त्यांना कॉप्लिकचे ठिपके म्हणतात. २०२२ च्या नोव्हेंबरात गोवंडीत, मालेगावात आणि आपल्या शेजारच्या भिवंडीत गोवराची साथ आली होती, लहान मुलं दगावली. ज्या मुलांची लस राहून गेली होती त्यांना त्याचा सर्वाधिक फटका बसला. तापलेल्या, डोळे लाल झालेल्या, नाक गळणाऱ्या मुलाचा गाल बाजूला करून आत टॉर्च मारायला किती वेळ लागतो?

कोविडनं तोंडाकडे बघायला भाग पाडलं होतं. विषाणू पेशीत शिरायला जो एसीई-२ नावाचा दरवाजा वापरतो तो जिभेवर आणि लाळग्रंथींतही आहे. चव गेली, तोंडाला कोरड पडली, कित्येकांच्या जिभेवर, टाळूवर फोड आले. मग २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस आला. मधुमेह आणि स्टेरॉइडची मात्रा एकत्र आली की ती बुरशी सायनसमधून टाळूपर्यंत, डोळ्यापर्यंत चालून जायची. आमच्या इमारतीतल्या एका काकांच्या टाळूवर काळा डाग त्यांच्या सुनेनं पाहिला, त्यांना पाणी देताना. त्याच दिवशी दाखल केलं म्हणून ते आज आहेत, वरचा जबडा अर्धा गेला तरी आहेत. त्या काळात ठाण्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी केवढं काम केलं याची नोंद कुणी फारशी घेतली नाही. जबड्याची दुखणी, हलणारे दात, टाळूचे डाग घेऊन लोक आधी त्यांच्याकडेच येत होते.

माझ्या सासऱ्यांना दमा आहे. पावसाळ्यात सर्दी झाली की इन्हेलरची मात्रा वाढते. त्यांच्या जिभेवर आणि टाळूवर दह्यासारखा पांढरा थर आला, तोंडात आग व्हायला लागली, तेव्हा तेही तोंड येणंच समजलं गेलं असतं. पण कापसाच्या बोळ्यानं पुसलं तर थर निघत होता आणि खाली लाल जागा दिसत होती. ती कॅन्डिडा नावाची बुरशी. स्टेरॉइडचा इन्हेलर घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकायचं असतं, कवळी रात्री काढून स्वच्छ करून ठेवायची असते. एवढ्यानं आणि डॉक्टरांनी दिलेल्या बुरशीच्या औषधानं ते बरं झालं. अशा वेळी बी-कॉम्प्लेक्सच्या कितीही गोळ्या घेऊन काही झालं नसतं. तोंड आलं म्हटलं की मेडिकलवाला न विचारता बी-कॉम्प्लेक्सची पट्टी पुढे करतो. ज्याच्या अंगात खरोखर कमतरता आहे त्याला ती उपयोगाची असेलही, पण वारंवार तोंड येणाऱ्या माणसानं रक्त तपासून बी-१२, लोह, हिमोग्लोबिन बघावं. दूध-दहीही फारसं न घेणाऱ्या शाकाहारी माणसांत, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी झालेलं पुष्कळदा सापडतं.

मला जुन्या उपायांची हेटाळणी करायची नाही. नौपाड्यात अजून एखाद्या जुन्या घराच्या कुंपणावर जाईचा वेल दिसतो. लहानपणी तोंड आलं की आई चार पानं तोडून आणायची, चावून रस तोंडात फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. तुरट चवीनं तोंड आवळल्यासारखं व्हायचं आणि बरं वाटायचं. फोडावर साजूक तूप लावलं की पदार्थ थेट जखमेला लागत नाही. कोमट मिठाच्या पाण्याची चूळ तर आजही कोणताही डॉक्टर सांगतो. या सगळ्यानं दुखणं सुसह्य होतं, आणि फोड त्याच्या वेळेनं भरतो. माझी तक्रार फक्त 'उष्णता' म्हणून हात झटकण्याशी आहे, कारण त्या एका शब्दाखाली ॲफ्थस, हर्पिस, कॉक्सॅकी, गोवर, बुरशी हे सगळं एकाच पिशवीत कोंबलं जातं. आणि त्याच पिशवीत कधी कधी असं काही जातं की ज्याला वाट बघणं परवडत नाही.

आमच्या सोसायटीचे वॉचमन काका गेल्या साथीत आजारी पडले. ताप गेला, कामावर आले, पण जिभेच्या उजव्या कडेला फोड राहिला होता. विचारलं की म्हणायचे, "तापाचं आहे, जाईल." महिना होत आला तरी गेला नाही. ते तंबाखू खातात, चुना मळून, खालच्या ओठात आणि गालात धरून. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, साध्या तंबाखूवर नाही. भारतीय पुरुषांत जे कर्करोग सर्वाधिक आढळतात त्यांत तोंडाचा कर्करोग अगदी वर आहे, आणि त्याचं मोठं कारण तंबाखू आणि सुपारी. कर्करोगाची सुरुवातीची जखम पुष्कळदा दुखतच नाही, म्हणून माणूस निवांत राहतो. दोन आठवडे, फार तर तीन, यापुढे तोंडातली कुठलीही जखम भरली नाही, तर ती कशानं झाली याची घरी चर्चा थांबवून डॉक्टरांना तोंड उघडून दाखवावं. जागा कडक लागत असेल, तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, मानेला गाठ असेल, तर दोन आठवडेसुद्धा थांबू नये. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे, ठाण्याहून लोकलनं गाठता येतं. पण पहिल्या तपासणीला तिथवर जावं लागत नाही. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या माणसांचं तोंड तपासण्याचा कार्यक्रमच आहे, आणि जवळचा दातांचा डॉक्टर टॉर्च आणि आरसा घेऊन जे बघतो ते फार मोलाचं असतं.

काकांना मी आमच्या दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एक दाढ अर्धवट तुटून तिची कड धारदार झाली होती आणि जीभ तिच्यावर रोज घासत होती. तापात जीभ कोरडी होती, तेव्हा जखम झाली, आणि नंतर त्या धारेनं ती भरू दिली नाही. डॉक्टरांनी कड घासून गुळगुळीत केली. जिभेचा फोड पुढच्या दोन आठवड्यांत भरला. पण गालाच्या आत, जिथे तंबाखूची गोळी बसते, तिथे पुसून न निघणारा पांढरा चट्टा त्यांना दिसला. त्याचा तुकडा तपासायला कळव्याच्या महापालिका रुग्णालयात पाठवलं. कर्करोग नाही, पण पेशींत बदल सुरू झालेले आहेत, असा अहवाल आला. तंबाखू बंद करायची आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, असं सांगितलं आहे. तंबाखू अजून सुटलेली नाही, बरीच कमी झाली आहे. दाखवायला जायचं म्हणजे पगाराचा एक दिवस जातो, म्हणून पहिल्या खेपेला ते टाळत होते. आता त्या दिवसाचा पगार कापायचा नाही असं कमिटीनं ठरवलं आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे, आणि त्या दिवशी गेटवर बदली माणूस कोण बसणार हेही ठरलं आहे.